मशीन उपाशी पाठवायचं न्हाई

आबांच्या विरोधात मी एक पत्रक काढलं होतं आणि त्यातलं आबांबद्दलचं वाक्य खोटं होतं. हे आधी सांगून टाकते. बाकीचं पत्रक खरं होतं, आजही खरं आहे, आणि कुणाला हवं असेल तर माझ्याकडे अजून दोन गठ्ठे शिल्लक आहेत.

पत्रकाचं नाव होतं ‘शिष्टमंडळ की सहल?’ नगरच्या एमआयडीसीच्या फाटकावर, पाळी बदलायच्या वेळी, मी ते स्वतः वाटलं. विषय साधा होता. आपल्या छोट्या कारखानदारांचा माल परदेशात खपावा म्हणून सरकार अनुदान देतं. त्यावर दरवर्षी लघुउद्योजकांच्या संघटनेचं एक शिष्टमंडळ परदेशातल्या प्रदर्शनाला जातं. जातं कोण? ज्यांच्या शेडमध्ये माल बनतो ते वेल्डिंगच्या धुरात इथंच राहतात आणि विमानात बसतात पदाधिकाऱ्यांचे जावई, पुतणे, मेव्हणे. स्टॉलवर दोन तास, खरेदीला सहा दिवस. परत आले की झेंड्यापुढे उभं राहून फोटो आणि ‘दौरा यशस्वी’ अशी बातमी. निर्यात काय झाली? ते कुणी विचारायचं नाही. मी विचारलं. आणि विचारता विचारता हात सैल सुटला. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं, ‘या संघटनेचे एक मानद चिटणीस तर प्रत्येक फेरीत सरकारी खर्चाने हिंडून येतात. यांना चिटणीस म्हणायचं की कायमचे प्रवासी?’

ते चिटणीस म्हणजे आबा.

चौथ्या दिवशी ते आमच्या कामगार संघटनेच्या खोलीवर आले. तपकिरी सफारी, पायात कारखान्यातले जाड बूट, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी उभीच राहिले. भांडायचं तर बसून भांडू नये असं माझं मत आहे. आबांनी पिशवीतून माझं पत्रक काढलं. त्यावर लाल पेनानं खुणा होत्या. मग खिशातून व्हर्नियर काढलं, कारखान्यात जाडी मोजायला वापरतात ते, त्यात पत्रकाचा कागद धरला आणि डोळे बारीक करून आकडा वाचला.

“लई पातळ कागद. पावसात टिकायचा न्हाई.”

“मजकूर टिकाऊ आहे,” मी म्हणाले.

“मजकूर अर्धाच हाय. हे बघ.” त्यांनी लाल खुणांवर बोट ठेवलं. “ह्यो अध्यक्षाचा पुतण्या तू लिव्हलास, पर त्याचा साडू राहिला. हितं तू म्हनतीस स्टॉलवर दोन तास. कोन म्हनलं दोन? मी घड्याळ लावलं हुतं, चाळीस मिनटं. लिव्हायचं तर पुरं लिव्ह की.”

“आणि तुमच्याबद्दल?”

त्या परिच्छेदावर एकही लाल खूण नव्हती. आबांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “पत्रकवाली, तुला चांगलं लिव्हता येतं. आमच्याकडं मशीनची माहितीपत्रकं लिव्हायला मानूस न्हाई. येशील का?”

मी अर्थातच नाही म्हणाले. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. मला आबांना कागदावर पकडायचं होतं. महिन्याभरानं उत्तर आलं. अनुदानावर गेलेल्या सगळ्यांची यादी होती आणि तिच्यात आबांचं नाव कुठेच नव्हतं. एकाही फेरीत नव्हतं. ते स्वतःच्या पेन्शनीतून तिकीट काढायचे, कुठल्यातरी कारखानदाराच्या खोलीत जमिनीवर गादी टाकायचे आणि बॅगेत छोटा कुकर आणि मुगाची डाळ न्यायचे.

मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी खुलासा छापला? नाही. उत्तर फायलीत लावलं आणि गप्प बसले. आत्ता चळवळीला जोर आलाय, आत्ताच माघार घेतली तर ते सगळे पुतणे सुटतील, असं मी स्वतःला पटवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

खुलासा छापला नाही, पण आबांकडे जायला लागले. तेवढी लाज शिल्लक होती.

आबा एका मोठ्या कारखान्यात मालाची तपासणी करून निवृत्त झालेले. जामखेडच्या पलीकडे कोरडवाहू गावात घर, पण राहायचे सावेडीत एका खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. उद्योजकांच्या संघटनेनं त्यांना कामासाठी एमआयडीसीतल्या कँटीनच्या मागची एक पत्र्याची खोली दिली होती. भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि तो आबांनी खडूनं रंगवला होता. मला आधी वाटलं, मित्रदेश, शत्रुदेश असं काही असेल. तर नाही. जनावरं काय खातात यावरून. ज्वारीचे देश पिवळे, मक्याचे देश केशरी, गवताचे देश हिरवे. युरोप आणि अमेरिका पांढरी सोडलेली.

“ह्यांचं काय, आबा?”

“ते उरलेले. त्यांच्या गाई गोनीतलं खात्यात. आपल्याला काय काम?”

काम असायचं ते कडबाकुट्टी यंत्रांचं. म्हणजे कडबा, गवत, मका कापून जनावराला बारीक करून देणारं मशीन. नगरच्या शेडांमध्ये ते चांगलं बनतं, इथल्या प्रत्येक गोठ्यात असतं, आणि आबांचं म्हणणं असं की जगात जिथे जिथे गाय आहे आणि मजूर परवडत नाही तिथे तिथे ते गेलं पाहिजे. मोठ्या यंत्रांच्या नादाला ते लागायचे नाहीत. “आपून आपल्या वळखीच्या दारात जावं,” म्हणायचे.

त्यांचे नियम विचित्र होते. स्टॉलवर टेबलाच्या मागे उभं राहायचं नाही. “टेबलामागं हुबा राहिला की तू रेशन दुकानदार. लोक रांग लावत्यात न्हाईतर निघून जात्यात.” स्वतः ते घडीचं स्टूल घेऊन स्टॉलच्या बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत बसायचे. लोक अडखळायचे, मग माफी मागायचे, मग बोलायला लागायचे. मशीनला पॉलिश मारायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, मशीनच्या माहितीपत्रकावर पहिल्या ओळीत छापायचं की हे मशीन आधी कुठे मोडतं.

हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी लिहायला सांगितलं. मी म्हणाले, “आबा, जाहिरातीत कुणी दोष लिहितं का?”

“आज न्हाई सांगितलं तर सा महिन्यानं त्योच सांगंल. तवा शिवी देऊन सांगंल. आधी काय मोडतं ते सांग. मग कसं सांधायचं ते सांग. मग सांग की मशीन चांगलं हाय. आयकतो मानूस.”

याच नियमातून दुसरा एक नियम निघालेला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकानं आपल्या मशीनचा एक भाग स्वतःच्या बॅगेत न्यायचा, आणि तो नवा नाही, वापरून झिजलेला. मोठे कारखानदार हसायचे. अध्यक्षांचा तो पुतण्या तर म्हणाला होता, “आबा, भंगार न्यायला वेगळं विमान बघा.”

आबांचं हे सगळं मनावर घेणारी एकच व्यक्ती होती, सुमनताई. मिरजगावची. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून शेड तीच बघायची. आठ माणसं कामाला, त्यातले निम्मे वेल्डर मिरजगावकडचेच. एका मोठ्या कंपनीचं जॉबवर्क हे त्या शेडचं निम्मं पोट होतं आणि ते कंपनीनं एका पत्रानं बंद केलं. राहिली स्वतःची कडबाकुट्टी, पण ती आसपास सगळेच बनवतात. शेजारच्या गोदामवाल्यानं तिला सांगूनच ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर शेड मला भाड्यानं द्या. दिवाळीच्या आधी नैरोबीला शेतीयंत्रांचं प्रदर्शन होतं. शिष्टमंडळात एक जागा खऱ्या छोट्या उत्पादकाला द्यावी म्हणून आबांनी वर्षभर अर्ज करून ती सुमनताईला मिळवून दिली होती. सुमनताई मला म्हणाली होती, “बाई, हितनं काय आलं तर शेड. न्हाई आलं तर आठ घरं उघड्यावर. यवढंच हाय बघ.”

तिला इंग्रजी जेमतेम. आबांना त्याची मुळीच चिंता नव्हती. त्यांनी तिला मशीनसकट टेम्पोत घालून घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात नेलं. मीही गेले. बैल, म्हशी, शेळ्या, धूळ, व्यापाऱ्यांचा कालवा, त्याच्या मधोमध आबांनी मशीन उतरवलं, घडीचं स्टूल टाकलं आणि हुकूम सोडला, “सुमन, आता बाजार सुटंस्तवर तुजं तोंड बंद. मुक्यानं इकून दाखव.”

पहिलाच एक म्हशीवाला आला आणि विचारलं, “काय किंमत हाय?” सुमनताई सवयीनं बोलली, “बसा की मामा, सांगते.”

आबा ओरडले, “बोललीस! गेलं गिऱ्हाईक!”

म्हशीवाला चमकला. “आवो, बाई मुकी हाय का काय?”

“आज मुकी हाय. उंद्यापस्नं बोलंल.”

“मंग आमच्या मंडळीला बी घिऊन येतो की तुमच्याकडं,” म्हशीवाला म्हणाला आणि भोवतीची पंधरावीस माणसं खदाखदा हसली. सुमनताईचा चेहरा लाल झाला. मला आबांचा राग आला. एका कष्टकरी बाईला भर बाजारात उभं करून तमाशा, असं वाक्यसुद्धा माझ्या डोक्यात तयार झालं. पण सुमनताईनं पदर खोचला. मशीनवरचं झिजलेलं पातं सोडवून म्हशीवाल्याच्या हातात ठेवलं. त्याचा अंगठा धरून धारेवरून फिरवला. मग दुसरं, नवं पातं त्याच्याच हातानं बसवायला लावलं. नट आवळताना त्याला अडलं तेव्हा तिनं त्याच्या पान्ह्याची दिशा बदलली, नुसत्या भुवईनं. मशीन चालू केलं, कडब्याची पेंढी त्याच्याच हातात दिली. हसणारे जवळ सरकले. म्हशीवाला शेवटी आबांना म्हणाला, “हे मशीन हितंच ठिवा. मी नेतो.”

“ह्ये इमानानं जायचं हाय,” आबा म्हणाले.

“कडबाकुट्टी इमानानं?”

“न्हाई, जहाजानं. इमानानं ही बाई जानार हाय.”

त्या दिवशी परतताना टेम्पोत सुमनताई आबांशी एक शब्द बोलली नाही. मिरजगावची माणसं रुसली की अशीच रुसतात. आबा मध्येच म्हणाले, “आता बोल की. बाजार सुटला.” तेव्हा ती हसली.

आणि मग माझ्या पत्रकानं काम केलं.

इतके महिने कुणी दाद दिली नव्हती. अचानक वरून पत्र आलं की दौऱ्यांबाबत तक्रारी आहेत, चौकशी होईल. मी पेढे वाटले असते. पत्राची दुसरी ओळ वाचली आणि पेढे राहून गेले. चौकशी पूर्ण होईपर्यंत, प्रत्येक फेरीत जाणाऱ्या मानद चिटणिसांनी शिष्टमंडळाच्या कोणत्याही कामाशी संबंध ठेवू नये. बाकी नावं तशीच. पुतण्या एका कंपनीचा संचालक होता, कागद पक्के होते, तो जाणारच होता. ज्याच्यामागे कुणी नव्हतं असं एकच नाव त्यांना सापडलं, आणि ते मी त्यांना लिहून दिलं होतं. आबांची जागा, सामानाची जबाबदारी, कागदांवरची सही, सगळं पुतण्याकडे गेलं.

मी धावत सावेडीला गेले. आबा भाकरी करत होते. त्यांची भाकरी व्हर्नियरनं मोजल्यासारखीच असायची, आणि खरं सांगायचं तर ते कधी कधी मोजायचेही. मी म्हणाले, “मी उद्याच लिहून देते की ते वाक्य चुकीचं होतं. माझ्याकडे उत्तर आहे. तुमचं नाव यादीत नाही.”

“कदी आलं उत्तर?”

मी खरं सांगितलं.

आबांनी भाकरी उलटली. “तवाच दिलं असतंस तर बरं झालं असतं,” म्हणाले. एवढंच. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं, पोच घेतली, पण कचेरीत कागद आत जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कैक पटींनी बाहेर यायला लागतो, हे मला वेगळं कुणी सांगायला नको.

आबांनी आदेश तंतोतंत पाळला. मशीन पेटीत भरायचा दिवस आला तर एमआयडीसीत पाऊलसुद्धा टाकलं नाही.

पेटी भरण्याची आबांनीच पाडलेली एक रीत होती. मशीन लाकडी पेटीत ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मालकानं कडब्याची एक मूठ मशीनच्या तोंडात घालायची. “लांबच्या परवासाला निघालंय. मशीन उपाशी पाठवायचं न्हाई.” वेल्डर लोकांना हे फार आवडायचं. स्वतःच्या हातानं जोडलेली वस्तू समुद्रापार जाणार, तिला घास भरवायचा. त्या दिवशीही सुमनताईनं मूठ घातली, आठही माणसांनी हात जोडले, आणि मी, जी एरवी असल्या गोष्टींवर तोंड वाकडं करते, मोबाईलवर फोटो काढला. पुतण्यानं फॉर्मवर सही केली की पेटीत कुठलाही वनस्पतीजन्य पदार्थ नाही. पेटी खिळे ठोकून बंद झाली. सगळे चहाला गेले.

सुमनताई नैरोबीला पोचली त्याच दिवशी तिचा फोन आला. मशीन स्टॉलवर नव्हतं. केनियातल्याच मोंबासाच्या बंदरात पेटी उघडली होती, आत गवत सापडलं होतं, आणि परक्या देशातून गवताबरोबर कीड येते म्हणून त्यांनी पेटी अडवली होती. त्यांचं बरोबरच होतं. आपण तरी दुसरं काय केलं असतं? प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होतं. पुतण्या तिला म्हणाला होता, “वहिनी, आता काय होणार? उद्या आम्ही जिराफ बघायला चाललोय, तुम्हीपण चला.”

मी पुन्हा सावेडीला. आबांनी ऐकून घेतलं. “पेटी भरताना काय काय झालं?” मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, मशीनचं तोंड मोठं केलं, त्यातले कडब्याचे पिवळे धांडे बघितले.

“तोंड पुसलं न्हाई कुनी,” म्हणाले.

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं प्रत्येक पेटीतला घास ते स्वतः काढायचे. सगळे चहाला गेले की एकटे मागे थांबायचे, मूठभर कडबा बाहेर काढायचा, दस्तीनं मशीनचं तोंड आतपर्यंत पुसायचं, आणि मगच खिळे ठोकायला सांगायचे. कडबा पिशवीत घालून फाटकाबाहेरच्या गाईला द्यायचे.

“पण सांगितलं का नाही कुणाला?”

“पोरं यवढ्या मायेनं हात जोडत्यात. त्यांच्यासमोर तोंडातला घास काढायचा? बघवला नसता त्यांना.” मग म्हणाले, “चूक माजीच हाय. चोरून केलं. शिकवलं न्हाई कुनाला.”

मला म्हणायचं होतं की चूक माझी आहे. पण ते म्हणून काय होणार होतं? मी विचारलं, “आता?”

“मला शिष्टमंडळाशी संबंध ठेवायचा न्हाई. सुमनशी ठेवू ने असं लिव्हलंय का त्या कागदात?”

नव्हतं लिहिलं. मी तो कागद पाठ केला होता.

त्यांनी माझ्या फोनवरून सुमनताईला लावला. ती रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता. “आबा, स्टॉलवर नुसतं टेबल हाय वो. आजूबाजूला येवढाली चकचकीत मशीनं. मी काय दाखवू?”

“बॅगेत काय हाय?”

“झिजलेलं पातं. तुमीच न्यायला लावलेलं.”

“मंग दुकान उघडं हाय की.”

पलीकडे तिनं बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

“टेबल मागं सार. पांढरं फडकं टाक, त्यावर पातं ठिव. खुर्ची बाहेर वाटंत घे. घोडेगावात काय केलंस त्येच कर. आन् हे बघ, मशीन कुटं हाय इचारलं तर खरं सांग. गवत भरवलं म्हनून बंदरात अडकलंय म्हन. लाजू नको.”

पुढचं सुमनताईनं परत आल्यावर सांगितलं ते असं. पहिला दिवस तसाच गेला. लोक थांबायचे, पांढऱ्या फडक्यावरचं ते गंजकं पातं बघायचे, हसायचे आणि जायचे. शेजारच्या स्टॉलवाल्यानं तिला वाटेतून खुर्ची मागे घ्यायला सांगितली. तिनं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा माणूस थांबला. कोटाच्या खिशात पान्हे, नखांत ग्रीस. एका दूध सोसायटीच्या यंत्रांची दुरुस्ती करणारा फिटर. त्यानं पातं उचललं आणि न विचारता अंगठा धारेवरून फिरवला. “तवाच मला कळलं,” सुमनताई म्हणाली, “ह्यो आपला मानूस.”

त्यानं बोटांनी विचारलं, किती हंगाम? तिनं तीन बोटं दाखवली. त्यानं मान हलवली, विश्वास नाही म्हणून. तिनं कागदावर दगड काढला आणि पातं त्यावर घासल्याची खूण केली, गावातला लोहारसुद्धा धार लावतो म्हणून. मग त्यानं पात्याचं भोक डोळ्यासमोर धरलं, स्वतःच्या खिशात हात घातला, एक बोल्ट काढला आणि त्या भोकात घातला.

बोल्ट सरळ आत गेला.

बोल्ट कुठल्याही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळेल असाच वापरायचा, हाही आबांचाच एक नियम. म्हाताऱ्यानं बोल्ट काढला, परत घातला, परत काढला, आणि पहिल्यांदा हसला. मग मशीन कुठे, असं विचारलं. सुमनताईनं मूठ करून तोंडाकडे नेली, घास भरवल्यासारखी, आणि मनगटं एकावर एक ठेवून अटक झाल्याची खूण केली. म्हातारा इतका हसला की शेजारचा चकचकीत स्टॉलवाला बघायला आला.

तिसऱ्या दिवशी तो सोसायटीच्या तीन बायकांना घेऊन आला. प्रदर्शन संपलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बंदरातून कडबा जाळून, धुरी देऊन मशीन सुटलं आणि परत इकडे येण्याऐवजी थेट त्या सोसायटीच्या गोठ्यावर गेलं. दिवाळीच्या तोंडावर बारा मशीनची मागणी आली. बारा म्हणजे काही क्रांती नव्हे, हे मला माहीत आहे. पण शेजारच्या गोदामवाल्याला सुमनताईनं फराळाचं ताट पाठवलं आणि निरोप दिला, शेड रिकामी नाही.

पुतण्याचा जिराफाबरोबरचा फोटो ‘दौरा यशस्वी’ या बातमीसोबत छापून आला. बातमीत सुमनताईचं नाव नव्हतं. या सगळ्यावर मी वेगळं पत्रक काढलं, या वेळी चाळीस मिनिटांसकट.

बारा मशीन पेटीत भरायच्या दिवशी आबा आले. हा माल सुमनताईचा, शिष्टमंडळाचा नव्हे, तेव्हा आदेशाची अडचण नव्हती. नारळ फुटला, सुमनताईनं बारा तोंडांत बारा मुठी घातल्या, हात जोडून झाले. मुकादम म्हणाला, “चला, च्याला.”

“थांबा,” आबा म्हणाले. “आज च्या मागनं घ्या.”

सगळ्यांच्या देखत त्यांनी पहिल्या मशीनच्या तोंडात हात घातला. त्यांनी कडबा बाहेर काढला, खिशातली दस्ती काढून तोंड पुसलं, आणि का पुसायचं ते मान खाली घालून सांगितलं. मीच काढत होतो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवत होतो, असंही सांगितलं.

सगळ्यांत म्हातारा वेल्डर पुढे आला. “आवं आबा, पाहुना परगावी निघाला की तोंड पुसूनच निघतो की. यवढ्यासाटी चोरी व्हय? आमी काय कुकुलं बाळ हाय का?” त्यानं आबांच्या हातातली दस्ती घेतली आणि दुसऱ्या मशीनला लागला. बाकीचे एकेक मशीन वाटून घेऊन बसले. बारा मुठींचा भारा करून दोघं फाटकाबाहेरच्या गाईकडे घेऊन गेले.

आबा घडीच्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या हातात माझा खुलासा दिला, छापून आणलेला, पहिल्या पत्रकाएवढ्याच मोठ्या अक्षरांत. त्यांनी आधी व्हर्नियर काढून कागद मोजला. “ह्यो जाड हाय. बरा.” मग वाचला. मी त्यात बरंच लिहिलं होतं. भ्रष्ट यंत्रणा, तिनं माझ्या शब्दांचा केलेला दुरुपयोग, प्रामाणिक माणसाचा गेलेला बळी. माझं वाक्य चुकीचं होतं आणि ते कळल्यावरही मी गप्प बसले, ही गोष्ट चौथ्या परिच्छेदात होती.

आबांनी लाल पेन काढला. पहिल्या तीन परिच्छेदांवर तिरकी रेघ मारली.

“आबा, पण ते सगळं खरं आहे!”

“खरं हाय. खाली घे.” त्यांनी चौथ्या परिच्छेदाभोवती गोल काढला आणि बाण थेट वर, मथळ्याखाली नेला. “आधी काय मोडतं ते सांग.”

आबा आता जामखेडच्या पलीकडे गावी मुलाकडे राहतात. चौकशीची फाईल अजून चालू आहे. सुनेची भाकरी ते मोजतात म्हणून घरात कुरबुर असते असं ऐकलं. मी तो खुलासा त्यांच्या बाणाप्रमाणे परत छापला आणि त्याच फाटकावर, त्याच वेळी, स्वतः वाटला. तेव्हापासून मी काहीही लिहायला बसले की पहिली ओळ तिथूनच सुरू करते. इथेही केली.